शेवटच्या होडीची वेळ

आमच्या धक्क्यावर एक काळा फळा होता. बोईसरच्या कारखान्याची पहिल्या पाळीची बस पकडण्याआधी माझे वडील, पुंडलिक तरे, रोज त्यावर दोन ओळी लिहीत. एक आजची तिथी. दुसरी, ओहोटीनं खाडी आटण्याआधी पलीकडून सुटणाऱ्या शेवटच्या होडीची वेळ. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. शाळेचं छप्पर, रक्तदानाची यादी, लोकांच्या लग्नातल्या पंगती, हीसुद्धा कुणी दिली नव्हती.

१९८४ साली मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते, म्हणजे हातात घड्याळ होतं आणि वेळ भरपूर होता. मी खाडीत खुणा केलेला एक बांबू रोवला आणि चार आठवडे नोंदी ठेवल्या. तळाला न टेकता होडी पलीकडून सुटू शकेल अशी शेवटची वेळ कोणती, आणि बाबा लिहितात कोणती? बाबा रोज वीस मिनिटं आधीची वेळ लिहीत होते. माणसाची साधी चूक कधी पुढे, कधी मागे पडते. ही एकाच बाजूला पडत होती. तिथीवरून पाणी मोजण्याचा त्यांचा हिशोब कुठेतरी बिघडलाय, असा मी निष्कर्ष काढला. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले मात्र नाही.

वैशाख वद्य तृतीयेला माझ्या थोरल्या बहिणीचं, हंसाताईचं लग्न होतं. नवरा मुलगा शिवाजी खाडीपलीकडचा. रस्त्यानं यायचं तर लांबचा वळसा, म्हणून वऱ्हाड शेवटच्या होडीनं येणार होतं. बाबांनी गावातली एकतीस लग्नं मुहूर्तावर लावून दिली होती.

“बत्तिसावं आपल्याच पोरीचं,” ते आईला म्हणाले, “आणि तेच चुकलं, तर मला पुन्हा कोन बोलवील?”

त्या सकाळी मांडवातून त्यांचा पाय निघेना. माझ्या हातात त्यांनी चिठ्ठी दिली. “दमे, तेवढा फळा लिहून ये.” चिठ्ठीवर होतं चार पन्नास. माझ्या नोंदींप्रमाणे बरोबर वेळ पाच दहा. मी पाच दहा लिहिलं, अक्षर बाबांसारखं काढलं आणि विज्ञानाचा विजय झाल्याच्या समाधानात हळदीला परत आले.

पत्रिकेतला मुहूर्त सहा बाराचा होता. पावणेसहा झाले तरी बँडचा आवाज नाही. आम्ही धक्क्यावर धावलो. खाडीच्या मधोमध होडी चिखलात तिरकी बसली होती. ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर धरला होता आणि शिवाजीराव कोऱ्या सुटात, मुंडावळ्या सावरत उभे होते.

“दामू!” बाबा ओरडले. “किती वाजता सोडलीस रे?”

“साडेपाचला!” होडीवाले दामूकाका तिकडून ओरडले. “फळ्यावर पाच दहा व्हतं ना? तुझं पाच दहा म्हंजे साडेपाच! पंधरा वर्सं तसंच धरतो आमी!”

बाबांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बांबूकडे पाहिलं.

“काय रे पुंडलिका, जावई वाळत घालायचा काय?” काशीबाई म्हणाली. ही म्हातारी रोज त्याच चिखलात निवट्या नावाचे मासे पकडायची. तिनं लुगडं खोचलं, आणखी चौघींना हाका मारल्या आणि मासे ओढून आणायची लांब फळी चिखलावर सरकवत निघाली.

“बस रे जावया, घट्ट धर! सूट सोड, फळी धर!”

शिवाजीराव फळीवर मांडी घालून बसले. पाच बायका ओढताहेत, मागून बँडवाले गुडघाभर चिखलात, आणि त्यातला एक तरीही क्लॅरिनेट वाजवतोय. सगळी माणसं वर यायला साडेसहा वाजले. नवरदेवाचा एक बूट खाडीतच राहिला.

मला रडू फुटलं. “बाबा, मुहूर्त टळला. मी वेळ बदलली. मला वाटलं तुमची चूक आहे.”

“चूक कसली? दामू रोज वीस मिनिटं उशिरा सोडतो, म्हनून मी वीस मिनिटं आधी लिवतो.”

“पण त्याला ते माहीत आहे!”

“त्याला माहीत हाय, ते मलाबी माहीत हाय. होडी वेळेवर येते ना?”

मांडवात भटजी निवांत चहा पीत होते. बाबांनी विचारलं, “किती अवकाश?”

“अजून वीस मिनिटं आहेत. सहा बावन्न.”

आईनं पत्रिका उचलली, पाहिली आणि कमरेवर हात ठेवले. “यात सहा बारा हाय. अवो, मलाबी नाय सांगितलंत?”

“तुला सांगितलं असतं तर तू चाळीस मिनिटं धरून साडी नेसायला बसली असतीस.”

आई पत्रिका टाकून आत पळाली, कारण ती साडी अजून नेसायचीच होती.

नवरदेवाला विहिरीवर धुतलं, बाबांच्या चपला घातल्या, आणि सहा बावन्नला अक्षता पडल्या. बत्तीस.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खडू माझ्याच हातात दिला. माझ्या नोंदींप्रमाणे वेळ पाच पंचावन्न होती. मी पाच पस्तीस लिहिलं. दामूकाका फळ्यापुढे येऊन डोळे बारीक करून उभे राहिले.

“हे कुनी लिवलं? बापानं का पोरीनं?”

“बाबांनी,” मी म्हणाले.

“मंग हाय वेळ,” म्हणत ते चहाच्या टपरीकडे वळले. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि वहीत दामूकाकांच्या उशिराची नवी नोंद सुरू केली.