गोमाची तलवार वाकेना

"वाकवायची?" गोमा लोहाराच्या हातातली सांडशी गळून पडली. "अगं पोरी, वीस दिवस घातले हिच्यामागं!"

चौक गावात हायवेच्या गॅरेजांना खेटून गोमाची भट्टी. जन्मभर कोयते, विळे नि खुरपी. कोयत्याला धार असली म्हणजे झालं, लोहार कोण ते कुणी विचारत नाही. अन् अचानक कर्जतच्या एका सेटवरून ही समिधा येते आणि चक्क तलवार मागते! सिनेमात व्हायकिंगांचं, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या थंड मुलखातल्या लढवय्यांचं, थडगं दाखवायचं होतं. गोमानं ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून अशी काही तलवार काढली, की कुंभिवलीहून माणसं बघायला आली. आयुष्यात पहिल्यांदा गडी भाव खात होता. आणि आता म्हणे वाकवा!

"काका, काही थडग्यांत तशाच सापडल्यात," समिधा म्हणाली. "धनी गेला की त्याची तलवार वाकवून सोबत ठेवायचे. दुसऱ्या कुणी वापरायची नाही."

गोमानं ऐरणीवर दाबून पाहिली. सोडली की पुन्हा सरळ. "बघ! नाय वाकत!" पठ्ठ्याची छाती फुगली.

"तापवा की मग," भात्याजवळून त्याची बायको मोतीबाई म्हणाली. गोमानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं पोटच्या पोराला चुलीत घालायला सांगितलं.

समिधा हुशार. "लोहारांचीही थडगी सापडलीत, काका. हातोडी, सांडशी, ऐरण, सगळं त्याच्याबरोबर."

"लोहाराला येवढा मान?" गोमा विरघळलाच. तलवार निखाऱ्यात सरकवत म्हणाला, "मोते, मी गेलो की माझी हातोडी, सांडशी अन् घण..."

"आपल्यात जाळतात. हातोडी काय भाजून खायची हाय? आणि घण कुणाचा वो? तीस वर्सं मी मारतेय. घणाला हात लावायचा नाय!"

खरंच होतं. तलवारीवरचा घणाचा एकूण एक घाव तिचा होता, आणि बघायला आलेल्या एकाही माणसाला गोमानं ते सांगितलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लालभडक तलवार त्यानं ऐरणीवर धरली आणि डोळे घट्ट मिटले.

"डोळे उघडा!" मोतीबाईनं घण उचलला. "पाय जायाचा माझा."

तीन घावांत तलवार वाकली. कुठं चीर म्हणून नाही.

"निम्मी हिची हाय, पोरी. सांग तुझ्या सिनेमावाल्यांना," गोमा म्हणाला. मग बायकोकडं वळला, "मोते, आपण पुरूनच घेऊ. दोघांना मिळून एकच खड्डा. घण तुझा, हातोडी माझी."

"नको गं बाई," मोतीबाई पदरानं घाम पुसत म्हणाली. "घोरता तुमी. तितं तरी झोपू द्या मला."