आतली खोली

"बघा मॅडम, आता तरी सरळ आहे की नाही?" सुतारानं फळीवर पाणसळ ठेवली आणि आतला बुडबुडा बोटानं दाखवला. बुडबुडा बरोबर मधोमध होता. बारकी दोन पावलं मागं सरकली, मान तिरकी करून तिनं फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "आता मोठी मूर्ती मधे ठेवून बघू."

बुद्धाच्या तीन मूर्ती खाली वर्तमानपत्रावर मांडलेल्या होत्या. मोठी मांडी घालून बसलेली, राखाडी. दिसायला दगडाची, पण उचलली की आतून पोकळ. दुसरी पितळेची, मुठीएवढी. तिसरी उजव्या कुशीवर आडवी, डोक्याखाली हाताची उशी केलेली. भिंतीला फिकट पिवळा रंग नुकताच दिला होता आणि त्याचा वास अजून नाकात जात होता. खिडकीखाली नवी चटई आणि तिच्यावर बसायची गोल उशी होती.

सुतार वाकला तेवढ्यात फोन वाजला. अतिदक्षता विभागातली नर्स होती.

"बाई, खुशखबर आहे. सकाळी नळी काढली. ताई आपल्या आपण श्वास घेतायत. घसा बसलाय, पण पहिलं तुमचंच नाव काढलं."

"हो का," बारकी म्हणाली. मग उशिरानं म्हणाली, "फार बरं झालं गं."

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. ज्या बहिणीनं तिला वाढवलं ती मरणाच्या दारातून परत आली होती, आणि बारकीच्या मनात सगळ्यात आधी आलं ते एवढंच, की खाट तर देऊन टाकली.

"काय झालं मॅडम? वाईट बातमी का?" सुतारानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चांगली आहे."

बारकी सत्तावन्न वर्षांची होती. हे नाव ताईनं ठेवलेलं आणि ताईच ते वापरायची. इस्पितळात तिला सगळे फोटोवाल्या बाई म्हणत. बत्तीस वर्षं ती एक्स-रेच्या मशीनमागं उभी राहून लोकांना श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, असं सांगत आली होती. अहवाल लिहायचा तो डॉक्टरांनी, पण वॉर्डातल्या नर्सा आधी तिच्या चेहऱ्याकडे बघत. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

हे शिक्षण तिला दिलं ते ताईनं. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई चोवीस वर्षांची होती आणि बारकी पंधरा. ताईनं आतल्या खोलीत शिलाईचं मशीन टाकलं आणि शाळेचे गणवेश शिवायला घेतले. मशीन, कापडाचे गठ्ठे, मापं द्यायला येणाऱ्या बायका, यांच्यासाठी ती खोली लागायचीच. मग ताईची खाटही तिथंच. बारकी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपू लागली ती आजतागायत. दोघींची लग्नं राहून गेली, गणवेश तयार मिळायला लागले, ताईचे डोळे अधू झाले, तरी मशीन तिथंच, खाट तिथंच आणि बारकी सोफ्यावरच. यावर कधी भांडण झालं नाही, कारण विषयच निघाला नाही.

तीन वर्षांपूर्वी बारकीचा रक्तदाब वाढला तेव्हा कुणीतरी ध्यानाच्या वर्गाला जा म्हणून सुचवलं. तिला ते मानवलं. घरात एक शांत कोपरा ठेवा, असं वर्गातले सर सांगत. असा कोपरा कुठून आणायचा? स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे. ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसायची. पण मूर्ती मात्र घेत गेली. एक प्रदर्शनातून, एक सहलीहून येताना, आडवी तर एका बंद होणाऱ्या दुकानातून. कागदात गुंडाळून ती त्या कपाटावर ठेवून द्यायची. कधी काळी लागतील म्हणून. कधी काळी म्हणजे केव्हा, हे तिनं स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं.

मग ताईला न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी बारकीनंच फिरतं मशीन ढकलत नेलं आणि ताईच्या छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजू पांढऱ्या. असे फोटो तिनं शेकड्यांनी बघितले होते आणि त्या माणसांचं पुढं काय झालं तेही. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हाला काय सांगायचं. मनाची तयारी ठेवा."

तिनं मनाची ठेवली आणि घराचीही. भेटायची वेळ फक्त संध्याकाळची. दिवसभर करायचं काय? रजा होती. सुतार त्याच आठवड्यात मोकळा होता. ताई गेल्यावर ती खोली तशीच बघवणार नाही, असं तिनं शेजारणीला सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरूनही आले. खाट तिनं इमारतीच्या लिफ्टमनला दिली. त्याची आई कंबरदुखीची, जमिनीवर झोपायची. कपडे एका संस्थेत पोचवले. मशीन जुन्या वस्तू नेणाऱ्याच्या हातगाडीवर चढलं. सहा दिवसांत खोली रिकामी झाली, आठव्या दिवशी रंग लागला, नवव्या दिवशी फळी. आणि नवव्या दिवशीच फोन आला.

त्या संध्याकाळी ती भेटायला गेली. ताई उशीला टेकून बसली होती, अर्धी झालेली, पण नजर जागेवर.

"रडतेस काय," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आले ना परत. मशीनवर कापड घातलंस का? धूळ बसते त्याच्यावर."

"घातलं," बारकी म्हणाली.

"खिडकी?"

"लावलीय."

ताईनं तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून डोळे मिटले. बारकीला हात सोडवून घ्यावासा वाटत होता आणि सोडवताही येत नव्हता.

पुढच्या आठवड्यात तिनं झालेलं उलटं करायला घेतलं. मूर्ती पुन्हा कागदात गेल्या आणि कपाटावर चढल्या. संस्थेतून निम्मे कपडे मिळाले. हातगाडीवाला भेटला, पण मशीनचं म्हणाल तर ते त्यानं दुसऱ्याच दिवशी पुढं दिलं होतं, कुणाला ते त्यालाही सांगता येईना.

राहिली खाट. लिफ्टमन तळमजल्यावरच्या जिन्यामागच्या खोलीत राहायचा. ती गेली तेव्हा तो कामावर होता आणि म्हातारी खाटेवर पडलेली होती. बारकीनं वाक्य पाठ करून नेलं होतं, पण ऐन वेळी ते तोंडातून नीट निघेना.

"ताई घरी येतायत," ती म्हणाली. "म्हणजे, तसं वाटलं नव्हतं. तर जरा अडचण झालीय."

म्हातारीला कळायचं ते कळलं. एका हातानं भिंत धरत ती उठली. आपली चादर काढून घडी केली. मग पदरानं खाटेची लाकडं पुसली, चारी बाजूंनी, कुणाची उसनी वस्तू परत करताना पुसावी तशी.

"आजारी माणूस घरी येतंय, चांगलंच आहे," ती म्हणाली. "न्या."

"मी तुम्हाला दुसरी आणून देते."

"असू दे. खाली झोपायची सवय आहे मला."

जिना चढताना बारकीला वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सतराव्या दिवशी ताईला घरी सोडलं. लिफ्टमननं चाकाची खुर्ची अलगद आत घेतली आणि दार ओढलं. माणूस सरळ होता, बोलघेवडा.

"बरं केलंत ताई, आलात ते. आम्हाला तर वाटलं, झालं. आई म्हणत होती, आठ दिवस त्या खाटेवर कंबर दुखली नाही. पण म्हटलं, त्यांची वस्तू आहे, त्या परत आल्या, संपला विषय."

लिफ्टला चौथ्या मजल्यापर्यंत जायला नेहमीएवढाच वेळ लागला. बारकी दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली. ताईची मान पुढंच होती. "आईला सांग, विचारलंय म्हणून," एवढंच ती म्हणाली.

घरात आल्यावर ताई खुर्चीतून उठली, भिंतीला धरत आतल्या खोलीच्या दारात गेली आणि उंबरठ्यावर थांबली. पिवळ्या भिंती, रिकामी फळी, आणि खाट, जिथं असायची तिथून वीतभर सरकून ठेवलेली.

"मशीन?" तिनं विचारलं.

बारकीनं वाटेत ठरवलं होतं की दुरुस्तीला दिलंय म्हणायचं.

"गेलं," ती म्हणाली. "दिलं मी. मिळत नाही आता."

ताईनं मान हलवली. आत जाऊन खाटेच्या कडेला बसली आणि तिनं दम खाल्ला. मग फळीकडे बोट केलं.

"हिच्यावर काय ठेवणार होतीस? ते कपाटावरचं?"

"तुला ठाऊक आहे?"

"तीन वर्षं कपाट मीच पुसते, बारके. काढ खाली. बघू दे."

बारकी स्टुलावर चढली. एकेक मूर्ती उतरवली, कागद सोडला आणि ताईच्या पायाशी मांडली. चोरीचा माल दाखवायला लावावा तशी. पितळेची ताईनं हातात घेऊन बघितली. मोठीवर टिचकी मारली. "पोकळ आहे की." मग आडव्या मूर्तीशी थांबली.

"हे असे निजलेले का?"

"शेवटच्या वेळचे आहेत," बारकी हळूच म्हणाली.

"म्हणजे जायच्या वेळचे."

"हो."

"चेहरा छान आहे." ताईनं त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "चला, ह्यांना तरी निवांत आडवं व्हायला जागा मिळाली."

बारकीला हसू येईना आणि रडूही येईना. ती खाली चटईवर बसली. "ताई, तुझा फोटो मीच काढला होता. मी बघितलं आणि ठरवूनच टाकलं. मग मी तुझी वाट बघितलीच नाही. खरं सांगते, एक दिवससुद्धा बघितली नाही."

"कळलं मला ते."

"खोली मागितली असती तर तू दिली असतीस. मीच..."

"नसती दिली," ताई म्हणाली. "कोण म्हणतं दिली असती? भांडले असते मी. आठ दिवस बोलले नसते. तू पण फुगून बसली असतीस. पण ते आपल्या दोघींत राहिलं असतं." ती थांबली, श्वास घेतला. "हे मला लिफ्टमध्ये कळलं, बारके."

बाहेर कुणीतरी गाडी धुत होतं. पाण्याचा आवाज वर येत होता.

"ही खाट त्या बाईला परत दे," ताई म्हणाली. "आजच. दिलेली वस्तू मागायला गेलीस तरी कशी तू?"

"आणि तू कुठं झोपशील?"

"बाहेर. तू झोपलीसच की एवढी वर्षं."

"ताई, असं नको करूस. मी उद्या नवी खाट आणते, इथंच टाकू. फळी काढून टाकते."

"खाट आण. बाहेर बसते का ते बघून आण. फळी कशाला काढतेस, भिंतीला भोकं तेवढी राहतील." ताई उठायला लागली. बारकीनं हात पुढं केला, तो तिनं घेतला, पण उभी राहिल्यावर सोडला. "मी रागानं नाही बोलत. ही खोली माझी राहिली नाही. तिथं रोज पाहुण्यासारखं निजायचं, ते मला नाही जमणार."

ताई तिच्या शब्दाची पक्की होती. बारकीनं आर्जवं केली, एक दिवस जेवली नाही, मामेभावाकडून फोन करवला. काही उपयोग झाला नाही. खाट म्हातारीकडे गेली. ती आधी घेईना. ताईचा निरोप आहे म्हटल्यावर घेतली. बाहेरच्या खोलीत सोफा काढून नवी अरुंद खाट आली. बारकी आत झोपू लागली, खिडकी असलेल्या खोलीत, चटईवर गादी टाकून. तिन्ही मूर्ती फळीवर ताईनंच सांगून लावून घेतल्या. सकाळी बारकी त्यांच्यासमोर उशीवर बसायची आणि डोळे मिटायची. पाच मिनिटंही होत नसत. बाहेर ताई खोकली की ती उठून जायची, आणि नाही खोकली तरी जायची.

ती निवृत्त झाली त्या महिन्यात वॉर्डातल्या तिघी नर्सा आणि डॉक्टरांची बायको घरी भेटायला आल्या. खोली बघून सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. किती शांत वाटतं, उजेड कसा बरोबर मूर्तींवर पडतो, बाई तुमची निवड भारी. डॉक्टरांची बायको बाहेर येऊन ताईशेजारी टेकली.

"एवढी छान खोली, आणि तुम्ही बाहेर झोपता ताई?"

बारकी दारात उभी होती.

"मला वर्दळ लागते हो," ताई म्हणाली. "आत जीव घुसमटतो माझा. खोली रिकामीच पडली होती. मीच हिच्या मागं लागले, कर म्हटलं तुझं ध्यानाचं. ही कुठली ऐकते? मी दवाखान्यात होते ना, तेव्हा माझ्या शब्दासाठी एवढी धावपळ केली बिचारीनं. मूर्तीसुद्धा मला विचारून घेतल्यात हिनं, एकेक."

"अशी बहीण मिळायला नशीब लागतं," एक नर्स म्हणाली.

"लागतंच," ताई म्हणाली.

बारकी चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेली. कप धुतलेलेच होते. तरी तिनं ते पुन्हा नळाखाली धरले. बाहेर ताईचा आवाज अजून चालूच होता, लहानपणापासून बारकी किती समजूतदार, ते सांगत होता. तिनं नळ आणखी मोठा सोडला.