एका ओळीत बारा सायकली

आमच्या घरापासून बाबांच्या कारखान्यापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. मला ती पाठ आहेत, कारण बाबांना पाठ आहेत, आणि बाबांना पाठ असलेली गोष्ट घरात कुणाला विसरता येत नाही. दारासमोरच्या तीन पायऱ्या उतरायच्या, उजवीकडे वळायचं, औषधांच्या दुकानाचा वास येईपर्यंत सरळ जायचं. मग शिंप्याच्या मशीनची घरघर, मग बँकेपुढचा उतार, आणि शेवटी लांबलचक कोरी भिंत. ती संपली की कारखान्याचं फाटक. कारखाना नावालाच. सात माणसं वेताच्या खुर्च्या विणतात, त्यातल्या चौघांना बाबांसारखंच दिसत नाही.

सव्वीस वर्षं बाबा हे अंतर एकटे चालले. काठी दाराआड धूळ खात पडलेली. कुणी मदतीला म्हणून दंड धरला की त्यांचं टाळकं सटकायचं. एकदा एका परोपकारी बाईंनी त्यांना धरून रस्ता ओलांडून दिला. बाबांना पलीकडे जायचंच नव्हतं. "पुण्य तिला, पायपीट मला," असं ते पुढे वर्षभर सांगत होते. आंधळ्यांवरच्या सगळ्या म्हणी त्यांना तोंडपाठ असायच्या. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणे. पण दळतंय कोण? आंधळंच ना! डोळसांनी काय केलं? म्हण केली." आई गेली त्या आठवड्यातसुद्धा ते एकटेच निघाले. मी चप्पल घालून मागे गेले, तर म्हणाले, "तू घरी जा. मला एवढं तरी राहू दे."

मग सायकली आल्या. एका सकाळी पाहते तर गल्लीत पिवळ्याधमक सायकली. ना स्टँड, ना साखळी. मोबाइलवर कुलूप उघडायचं, पाहिजे तिथे न्यायची, पाहिजे तिथे सोडून चालू पडायचं. लोक खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू? पहिल्याच दिवशी एक घेऊन नदीपर्यंत जाऊन आले. परत येऊन ती कुठे सोडली, ते आता आठवत नाही.

लोक त्या भिंतीला टेकवून जायचे आणि बाबा भिंतीच्या अंगानेच चालायचे. भिंत जवळ असली की पावलांचा आवाज परत येतो आणि माणूस सरळ चालतो, असं ते सांगत. आता त्या आवाजाच्या मध्ये हँडल यायला लागलं, पेडल यायला लागलं. धुवायला टाकलेल्या पँटी गुडघ्याखाली फाटलेल्या दिसायच्या. विचारलं तर म्हणाले, "कारखान्यात स्टूल लागलं." ते स्टूल रोज लागत होतं. संध्याकाळी दारात आले की ते घामाने डबडबलेले असायचे. सहाशे चाळीस पावलांना घाम येतो का कधी?

मी त्याच कंपनीत नोकरी धरली. काम हमालाचंच. पहाटे टेम्पोबरोबर फिरायचं, वाटेल तिथे पडलेल्या सायकली उचलायच्या, ॲप सांगेल तिथे ओळीने लावायच्या आणि फोटो पाठवायचा. बाबांना सांगितलं की कुरिअरच्या गोदामात लागले. कारण एक तर त्या कंपनीला ते ज्या शिव्या घालत, त्या इथे लिहिता येणार नाहीत. आणि दुसरं म्हणजे, मी तुमची वाट मोकळी करून देते हे त्यांना कळलं असतं, तर सहाशे चाळीस पावलं मी त्यांचा दंड धरून चालले, असंच त्यांनी मानलं असतं.

ते आठ वाजता घर सोडत. सातच्या आत मी आमची गल्ली लख्ख करून टाकायचे. सगळ्या सायकली टेम्पोत घालून दोन चौक पलीकडे नेऊन लावायचे. तीन आठवडे असं चाललं आणि बाबा पहिल्यासारखे झाले. शर्ट कोरडा. पुन्हा म्हणी सुरू. "लोकांना अक्कल आली बघ. उशिरा आली, पण आली," असं एकदा जेवताना म्हणाले. मी खाली मान घालून जेवत राहिले. मला इतका आनंद झाला होता की मी एक भाकरी जास्त खाल्ली.

आमच्या मुकादमाला आम्ही 'नकाशा' म्हणायचो, कारण त्याला रस्ता कधी दिसला नाही, फक्त मोबाइलवरचा नकाशा दिसला. त्याने मला बोलावून घेतलं. "तुमच्या पट्ट्यात एक गल्ली रिकामी दिसते. तिथे बारा पाहिजेत."

"तिथे फुटपाथ अरुंद आहे, साहेब."

"इथे तर रुंद दिसतोय," तो स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "उद्यापासून बारा. नाहीतर दुसरी बाई बघतो."

नोकरी गेली असती तर गेली असती. पण दुसऱ्या बाईने त्या कुठे लावल्या असत्या? त्यापेक्षा मी लावलेल्या बऱ्या. त्याच संध्याकाळी जाऊन मी तो फुटपाथ टेपने मोजला. भिंतीकडून पुरते चार फूट सोडले. राहिलेल्या जागेत, अगदी रस्त्याच्या कडेला, बारा सायकली उभ्या राहत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्या चाकाला चाक लावून उभ्या केल्या. हँडल सगळी एका बाजूला वळवली. एकही पेडल भिंतीकडे येऊ दिलं नाही. इतकी सुरेख ओळ मी जन्मात लावली नव्हती. फोटो पाहून नकाशासुद्धा "छान" म्हणाला.

त्या दिवशी मी मुद्दाम थांबले. टेम्पो समोरच्या बाजूला उभा केला आणि आत बसून वाट पाहिली. बाबांना त्या ओळीच्या शेजारून ऐटीत जाताना मला बघायचं होतं.

ते आले. पण भिंतीकडून नाही. फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेने, डाव्या टाचेने कडेचा दगड चाचपत, झपाझप. भिंतीकडे सायकली टेकवतात म्हणून त्यांनी केव्हाच बाजू बदलली होती, मी नोकरीला लागण्याच्या आधीच. मला सांगितलं नव्हतं. भिंत घरातून दिसत नाही, आणि नोकरी लागल्यापासून मी त्यांच्या आधीच घर सोडत होते. आणि तीन आठवडे वाट मोकळी मिळाल्यामुळे त्यांचा जुना वेग परत आला होता. तो मीच परत आणला होता.

मी ओरडले, "बाबा!"

"थांबा" म्हणायला हवं होतं. त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं, हसले, आणि हसता हसता आणखी दोन पावलं टाकली.

बाराही सायकली पडल्या, एकीवर एक. बाबा मधे. उजवा हात चाकाच्या तारांत अडकला होता. मनगट मोडलं.

दवाखान्यात प्लास्टर वाळायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. ते म्हणाले, "एक सांगू? त्या कुणी फेकून दिलेल्या नव्हत्या गं. मी हात लावून पाहिलं. चाकाला चाक होतं. कुणीतरी अगदी मन लावून लावल्या होत्या."

"मी लावल्या, बाबा."

मग मी सगळं सांगितलं. गोदाम खोटं, तीन आठवडे, टेप, चार फूट. ते ऐकत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे लोकांना अक्कल आली नव्हती," शेवटी ते म्हणाले.

"तुम्ही बाजू बदललीत, मला का नाही सांगितलं?"

"तू रडली असतीस. मग काठी पुढे केली असतीस."



मी नोकरी सोडली. जागेवर दुसरी बाई आली. ती बारा सायकली मिळेल तिथे लावते, तिचा काय दोष? मनगट सहा आठवड्यांत जुळलं. डॉक्टरांनी बोटं उघडमीट करून पाहिली आणि म्हणाले, "उद्यापासून कामावर जा." बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कपडे घालून तीन पायऱ्या उतरले आणि तिथेच उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. शिंपी येऊन विचारून गेला. पाऊण तासाने ते वळले आणि वर आले. "आज नको," म्हणाले. त्याला आता पाच महिने झाले. मी बरोबर येते म्हटलं, काठी देते म्हटलं, अंगावर ओरडलेसुद्धा. कारखान्याने त्यांची जागा भरली.

काल संध्याकाळी ते खाटेवरून पाणी प्यायला उठले. खाटेपासून माठापर्यंत नऊ पावलं आहेत. मधे कधी काही नसतं, आम्ही ठेवतच नाही. चौथ्या पावलाला ते थबकले आणि दोन्ही हात पुढे केले.

"पुढे काही आहे का गं?"

"काही नाही, बाबा. या."

"नक्की?"

"नक्की."

ते तिथेच उभे राहिले. मी उठून पाणी नेऊन दिलं.