मोहाखालचा पाचोळा

"आत्या, काडीपेटी द्या. दिवस हाय तवर पाचोळा पेटवून घेते."

"न्हाई."

"मंग उद्या फुलं दिसतील कशी? लई पाला पडलाय!"

केवळाबाईने काडीपेटी कनवटीला अधिकच घट्ट खोचली आणि खराटा सुनेपुढे टाकला. इस्लापूरच्या पलीकडे, जंगलाला खेटून असलेल्या त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर मोहाचे जुने झाड उभे होते. चैत्राच्या उन्हात गळलेला पाला पायाखाली पापडासारखा मोडत होता. पहाटे फुले गळण्याआधी खालची जमीन मोकळी हवी, आणि त्यासाठी पाला पेटवून द्यायचा, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. झाडाची जंगलाकडची बाजू मात्र तीन वर्षांपूर्वी जळाली होती. वाऱ्याने तिकडे उडालेली फुले केवळाबाई कधीच वेचत नसे.

"दुधानं तोंड पोळलं म्हनून ताक फुकून पिऊन राहिल्या तुमी," तनुजा धुसफुसली. "समदा गाव पेटवतोय. जंगलाचा गार्ड येतो, कागद वाचतो, जातो."

तो कागद त्याच दिवशी सकाळी चावडीपुढे वाचला गेला होता. जंगलालगत पालापाचोळा पेटवण्यास पावसाळ्यापर्यंत सक्त मनाई. कारण, तीन वर्षांपूर्वी अज्ञात इसमाने लावलेल्या आगीत, वणवा विझवताना, गावचे मारोती मिराशे यांचा मृत्यू झाला. दरसाल ही ओळ आली की बायाबापड्या हळहळत केवळाबाईकडे पाहत, आणि ती पदराचा बोळा तोंडात धरून उभी राही.

"तुमी द्यायच्या न्हाई, ठाव व्हतं मला. म्हनून मीबी काडीपेटी आनलीया," म्हणत तनुजाने काडी ओढली.

केवळाबाईने झेप घेऊन ती पेटती काडी मुठीत चुरगाळली. तळहात चरचरला.

"येड लागलं का आत्या? हात पोळला ना!"

"तुजा सासरा परक्याच्या आगीत न्हाई गेला, तनू." केवळाबाईची मूठ उघडत नव्हती. "ती आग म्या लावली व्हती. हितंच. येवढाच पाला व्हता. वावटळ उठली. वाऱ्याला काय वेस आसती? त्ये हिरवा डहाळा मोडून आत शिरले. म्हनले, 'तू मागं सर, मी आलोच.'" ती थांबली. "तवापून 'आलोच' म्हनूनच ऱ्हायलेत. पाला वाजला की मला वाटतं, आले."

"आन् पंचनाम्याला?"

"सायबानं इचारलं, कुनी लावली? म्या म्हनलं, न्हाई पाह्यलं. त्यानं लिव्हून घेतलं."

"ह्यास्नी ठाव हाय?"

"माज्या सत्यमला? न्हाई. कुनालाच न्हाई."

जळक्या बाजूला पाला खसखसला. दोघींनी एकदम वळून पाहिले. तिकडे कोणी नव्हते, आणि झाडाचे पानही हलत नव्हते.

तनुजाने आपली काडीपेटी सासूच्या पुढ्यात ठेवली आणि खराटा उचलला. अंधार पडेपर्यंत दोघी झाडत राहिल्या. जळकी बाजूसुद्धा तनुजानेच झाडली. सासूला तिने तिकडे येऊ दिले नाही.

सकाळी उन्हे तिरपी असताना गार्ड मोटरसायकलवरून आला. सुगत त्याचे नाव, तरणा आणि भला माणूस. झाडलेल्या लाल मातीवर मोहफुले चिरमुऱ्यांसारखी पांढरी पसरली होती. दोघी वाकून ती टोपलीत भरत होत्या.

"वा मावशी! एक काडी न लावता? तुमचं नाव गावाला वाचून दाखवायला पाहिजे."

"लिव्हा की." केवळाबाई कंबर धरून उभी राहिली. "पन जितं तुमी 'अज्ञात इसम' वाचता ना, तितं लिव्हा."

सुगत हसला, आणि मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला.

"आत्या," तनुजा तिचा दंड धरून पुटपुटली, "जेलात घालतील वो."

"घालू दे. दरसाल उभं ऱ्हाऊन ऐकन्यापरीस बरं."

जळक्या बाजूला आता एकही पान उरले नव्हते. तरीही तिकडून कोरडा पाला मोडल्यासारखा आवाज आला. एक पाऊल, मग दुसरे. तनुजाने दचकून मान फिरवली. केवळाबाईने वळून पाहिले नाही. सुगतने खिशातून पेन काढले होते, पण त्याचा हात कागदापर्यंत जात नव्हता.

"लिव्हा, साहेब," ती शांतपणे म्हणाली, "केवळाबाई मारोती मिराशे. पुरं नाव लिव्हा. त्यांचं बी येऊ द्या मदी."