‘नंतर बघू’ लिहिलेला खोका

मी खोका बोलतोय. पुठ्ठ्याचा, चांगला जाड. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर बाण छापला होता, ‘ही बाजू वर’. आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव स्पष्ट सूचना, आणि तीही कुणी पाळली नाही.

माझ्यातून एक मिक्सर या घरात आला. मिक्सर ओट्यावर गेला आणि मी खरं तर रद्दीत जायचा होतो. पण घरधनी म्हणाला, “खोका मजबूत आहे, असू दे. कधीतरी लागेल.” हे वाक्य त्या घरात दिवसातून चारदा तरी ऐकू येई.

तो वायरमन. कामावरून येताना खिशातून हातभर वायर, जुना स्विच, जळका रेग्युलेटर असं काहीबाही निघायचं. बायको ग्रंथालयात कामाला. तिथं हजारो पुस्तकं, पण कुठलंही मागा, ती दोन मिनिटांत काढून देई. घरातली कात्री मात्र तिला कधी वेळेवर सापडली नाही.

शेवटी तिनं नियम केला. ज्याचं काय करायचं ते ठरत नाही, ते सगळं माझ्यात टाकायचं. तिनं सुवाच्य अक्षरात ‘नंतर बघू’ अशी चिठ्ठी लिहून मला चिकटवली, खाली तारीख टाकली. वर्षभर कुणी उघडलं नाही तर मला न उघडता घराबाहेर काढायचं.

नियम चांगला होता. पण अकरावा महिना लागला की नवऱ्याचा जीव खालीवर व्हायचा. तो हळूच झाकण उचलायचा. “नुसतं बघतोय,” म्हणायचा आणि जाता जाता दोन चार्जर आत टाकायचा. मग ती जुनी तारीख खोडून नवी लिहायची. माझ्या अंगावर चार तारखा आहेत. माझ्या जोडीला आणखी नऊ खोके आले आणि मागच्या खोलीची खिडकी निम्मी झाकली गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. खोक्याला उजेड लागत नाही.

मग एक दिवस फोन आला. तिची आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. ती न्हाणीघरात पडली होती, मनगट मोडलं होतं. आता तिला इथंच आणायचं ठरलं. ही मागची खोली तिची होणार होती. हातात फक्त आठवडा होता.

बायको खोलीच्या दारात उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. आत यायला वाटच नव्हती. “ये गं तू,” ती म्हणाली, “पण इथं पाय ठेवायला जागा नाही. माणसापेक्षा सामानाचं कौतुक जास्त आहे या घरात!” शेवटचं वाक्य तिनं जरा आवाज चढवून म्हटलं. नवरा स्टुलावर चढून वरची फळी बघत होता. त्याला बरोबर ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली. आधी तो प्रत्येक वायर तपासून मगच टाकत होता. बायको शेजारी बसली.

“आमच्याकडे पाच वर्षांत कुणी नेलं नाही, तर पुस्तकसुद्धा कपाटातून निघतं.”

“वायर म्हणजे पुस्तक नव्हे.”

“नाहीच. पुस्तक निदान वाचता तरी येतं.”

तो हसला आणि तिथून कामाला वेग आला. माझ्यातून चौदा चार्जर, तीन घंट्या आणि कुठल्याच कुलपाला न लागणारा किल्ल्यांचा जुडगा निघाला. सगळं भंगारात गेलं. शनिवारी खोलीत फक्त खाट, पाच फळ्यांचं कपाट आणि उघडी खिडकी होती. “इथं एवढी मोठी भिंत आहे होय!” ती म्हणाली. नवऱ्याचा चेहरा शेपूट तुटलेल्या पतंगासारखा झाला होता.

रविवारी तो मला रद्दीत द्यायला उचलणार, तेवढ्यात खाली गाडी वाजली.

सासूबाई आल्या. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात पिशवी. जावई उरलेलं सामान आणायला खाली धावला आणि हात हलवत वर आला.

“आई, बाकीचं सामान?”

“एवढंच आहे.”

“आणि शिलाई मशीन?” मुलीनं विचारलं. “तुझं आरशाचं टेबल? बाबांची खुर्ची?”

“दिलं वाटून. शेजारीण होती मदतीला. चार दिवसांत घर रिकामं!” म्हातारीच्या आवाजात अभिमान होता. “तूच म्हणालीस ना, जागा नाही, सामानाचं कौतुक फार झालं. म्हटलं, माझा पसारा तुमच्या गळ्यात नको.”

मुलगी मटकन खाटेवर बसली. “आई, ते मी ह्यांना ऐकवत होते गं.”

“हो का?” म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. “मला वाटलं, मला सांगतेयस.”

जावयानं शेजारणीला फोन लावला. मशीन गावाबाहेर गेलं होतं, टेबल कुणाला दिलं ते तिला आठवेना. त्यानं दोनदा विचारलं, मग फोन ठेवला.

मुलीनं पिशवीतले कपडे कपाटात लावले. सहा घड्या होत्या, एका फळीवर सहज मावल्या असत्या. ग्रंथालयात पुस्तकं चिकटून, नीट रांगेत ठेवणारी ही बाई. तिनं त्या तीन फळ्यांवर लांब लांब ठेवल्या.

मी रद्दीत गेलो नाही. जावयानं मला पुसून खाटेशेजारी ठेवलं. “आई, हा खोका तुम्हाला. तुमचं काही असेल ते ठेवा.”

“माझं आता काय असणार?” त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. चहात साखर नको, असं सांगावं तसं म्हणाल्या.

तेव्हापासून मी इथंच आहे. तुम्ही घर आवरत असाल तर खुशाल आवरा. चार्जरसाठी कुणी रडत नाही, हे मी पोट रिकामं करून पाहिलंय. पण नवऱ्याला मारायचे टोमणे नवऱ्याच्या तोंडावर मारा. फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला आपण नकोसे होऊ अशी भीती असते, आणि ते माणूस चार दिवसांत अख्खा संसार वाटून मोकळं होतं. मुलगी रोज कामावर जाताना माझ्यात डोकावते. मी अजून रिकामाच आहे.