यामिनी मॅडम जॉब

यामिनी टोकेकरचा फोन दिवसभर वाजायचा, आणि त्यातला एकही फोन यामिनीसाठी नसायचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं तेच होतं. सेल्सची माणसं शोधून द्यायची, हा तिचा धंदा. कुणाला धारकडे पंप विकणारा हवा, कुणाला उज्जैनच्या बाजूला औषधांच्या दुकानांतून फिरणारा. कुणाला नोकरी नाही म्हणून हवी, कुणाला आहे ती नको म्हणून दुसरी हवी. "मॅडम, कुछ हुआ क्या?" असं पोरं विचारायची आणि "मॅडम, कुणी आहे का?" असं कंपन्या. तू कशी आहेस, हे विचारायला तिचा नंबर कुणी लावत नव्हतं.

इंदूरला लोकमान्यनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाहेरची खोली ऑफिस आणि आतली घर. आई, मनोरमाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून आतल्या खोलीत जायचं ते नुसतं काहीतरी शिजवायला आणि झोपायला. भाऊ श्रीहरी पुण्याला. तो दिवाळीला बोलायचा आणि एरवी सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवायचा. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. एके काळी त्या प्रश्नाचा तिला काय संताप यायचा! आता कुणी विचारलं असतं तर तिने बसवून, चहा करून, सगळं सांगितलं असतं.

पण बाई कामाला पक्की. या धंद्यात सगळ्यात धोक्याचा काळ कुठला, तर पोराने जुन्या नोकरीचा राजीनामा दिला की नवीत रुजू होईपर्यंतचा. या मधल्या दिवसांत जुना साहेब पगार वाढवून देतो, शेजारचा काका कान भरतो, सासरा म्हणतो कशाला उगाच, आणि पोरगं ऐन रुजू होण्याच्या सकाळी फोन बंद करून बसतं. कंपनीसमोर तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून यामिनी त्या काळात पोरांना रोज संध्याकाळी फोन करायची. कामाचं काही बोलायचं नाही. जेवलास का, आई कशी आहे, खोलीवर पाणी येतंय का, एवढंच. रोज हालहवाल विचारणाऱ्या माणसाला दगा देणं अवघड जातं, हे तिला ठाऊक होतं. रुजू झाल्यावर तीन महिने हे फोन आठवड्यातून एकदा. कारण त्या तीन महिन्यांत पोरगा पळाला तर कंपनीला दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो. तीन महिने झाले की फोन बंद. हा तिचा नियम होता आणि तो तिने कधी मोडला नव्हता.

देवांश बोरगावकर हा असाच एक. मानपुरचा. वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान, घरात आई, वडील आणि हा. पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकून विकून कंटाळला होता. बोलायला गोड, पण घाई फार. यामिनीने त्याला समोर बसवून मुलाखतीची तयारी करून घेतली, तेव्हा नेहमीचा धडा त्यालाही दिला होता.

"हे बघ भिया, समोरचा पटकन 'हो' म्हणाला ना, तर खूश होऊन उठायचं नाही. पटकन 'हो' म्हणजे तो तुला टाळतोय. थांबायचं. आणि परत विचारायचं."

"परत विचारलं तर चिढेल ना मॅडम?"

"चिडू दे. खरं तेव्हाच बोलेल."

देवांशला सोलर पंपांच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. जुन्या कंपनीची नोटीस दोन महिन्यांची होती, म्हणजे दोन महिने रोज संध्याकाळी फोन. त्याच काळात त्याच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी देवांशने आपणहून फोन केला. "मॅडम, आई को दिख रहा है! म्हणते, तू इतका काळा कधी झालास?" यामिनी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने आपल्या आईच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली, त्याने राऊला तो भाड्याने राहायचा त्या खोलीच्या मालकिणीची नक्कल केली, आणि बोलता बोलता कधी अंधार पडला ते कळलं नाही. त्या संध्याकाळी आपण काम करत नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने ते मनावर घेतलं नाही.

तो रुजू झाला, तीन महिने सरले. शेवटच्या फोनवर तिने नेहमीचं वाक्य म्हटलं, "चल देवांश, आता तू पक्का. काही लागलं तर सांग." तो म्हणाला, "हाओ मॅडम." झालं, संपलं.

तिचं मात्र संपलं नाही. संध्याकाळ झाली की हात फोनकडे जायचा. दुसरी पोरं होती, त्यांनाही तेच प्रश्न विचारायची, पण ती "हो मॅडम, जी मॅडम" करून मोकळी व्हायची. देवांशच्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचं काय झालं, हा प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला. उन्हाळ्याआधी करणार होते. केलं का? आता तुम्ही म्हणाल, तिला काय करायचंय दुसऱ्याच्या आईच्या डोळ्याशी! तीही स्वतःला हेच म्हणायची. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी, पोरगा सुट्टीच्या मूडमध्ये असेल असं समजून, तिने फोन लावला. उचलला नाही. तिने पुन्हा लावला.

शनिवारी संध्याकाळी त्या कंपनीत आठवड्याची मीटिंग असते, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचे फोन टेबलावर उताणे ठेवायचे असतात, हे तिला कुठून ठाऊक असणार! आणि देवांशने तिचं नाव फोनमध्ये कसं घातलंय, हे तरी कुठून ठाऊक असणार! सगळ्या टीमसमोर, सेल्सच्या साहेबांच्या नाकासमोर, त्या फोनवर दोनदा नाव झळकलं: "यामिनी मॅडम जॉब".

सोमवारी साहेबांचाच फोन आला. नीरज वाघ, मूळचा नाशिकचा, तीन वर्षांपासून इंदूरला. त्याला यामिनीने सात-आठ माणसं दिली होती आणि तो आजवर तिच्याशी मानाने बोलत आला होता.

"मॅडम, तुम्हीच माणूस भरायचा आणि तुम्हीच काढून न्यायचा? हे कुठलं काम?"

"नाही हो नीरजजी, तसं काही नाही. फॉलो-अप होता."

"फॉलो-अप तीन महिन्यांचा असतो. तुम्हीच सांगितलेलं." त्याचा आवाज थंडगार होता. "पोराला विचारलं तर म्हणतो, मॅडमनी का केला मला माहीत नाही. बाहेर नोकरी बघणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. या आठवड्यात मी त्याला कायम करणार होतो. कागद थांबवलाय. जाणाऱ्याला कायम करून काय करू? आणि मॅडम, तुमचंही काम आपण इथंच थांबवू."

यामिनीला स्वतःच्या कामाचं वाईट वाटलं, नाही असं नाही, पण तिच्या डोळ्यांसमोर आला तो पोरगा. मानपुरला फोन करून "कायम झालो" असं सांगायची वाट बघणारा. त्याने काही केलंच नव्हतं. त्याने फोन उचललाही नव्हता.

"मी उद्या येते," ती म्हणाली. "समोर बसून सांगते."

रात्रभर ती सांगायचं काय, ते जुळवत राहिली. चुकून लागला म्हणावं, तर दोनदा? दुसऱ्या उमेदवाराचा पत्ता विचारायला केला म्हणावं, तर नीरज कुठला ऐकतोय! दुसऱ्या दिवशी रिक्षा खजराना चौकात अडकली तेव्हा समोर गणपतीच्या देवळासाठी हारांच्या टोपल्या घेऊन बाया उभ्या होत्या, आणि ही आत बसून ओठ हलवत उत्तराची तालीम करत होती. "जुनी नोकरी का सोडली?" या प्रश्नाचं सभ्य उत्तर तिने शेकडो पोरांकडून घोटून घेतलं होतं. वाईट साहेबाला "वेगळी कार्यपद्धती" म्हणायचं, हाकललं असेल तर "पुनर्रचना" म्हणायचं. तिच्या या एका फोनला मात्र कुठलाच सभ्य शब्द सापडत नव्हता.

नीरजने देवांशलाही केबिनमध्ये बोलावून घेतलं. पोरगा दाराशी उभा राहिला. वाळला होता. यामिनीकडे त्याने बघितलं नाही.

"बोला मॅडम," नीरज म्हणाला.

यामिनीने पर्स मांडीवर घट्ट धरली. जुळवलेलं सगळं तिने सोडून दिलं. मग ती म्हणाली, "नीरजजी, याच्यासाठी माझ्याकडे कुठलीही नोकरी नव्हती. याने मला काही विचारलं पण नाही. संध्याकाळी मला बोलायला कोणी नसतं. नोटीसच्या वेळेस याच्याशी रोज बोलायचे, ते कामाचंच होतं, पण मला सवय झाली. याच्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, एवढंच विचारायचं होतं. बस. इतनी सी बात थी."

सत्तेचाळीस वर्षांची बाई, काचेच्या त्या खोलीत, मुलगा शोभेल अशा वयाच्या पोरासमोर हे बोलली होती. तिला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. नीरजने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. खोटं असतं तर याहून बरं रचलं असतं, हे त्यालाही कळलं असावं.

"चहा घेणार?" त्याने विचारलं. आणि मग देवांशकडे न बघताच, "तुझा कागद आज सही करतो. जा."

चहा आला. नीरज आता फार मऊ झाला होता, आणि तेच जास्त बोचत होतं. "आधी सांगायचं ना मॅडम. घरी या एकदा. बायकोला पण इथं मराठी बोलायला कोणी मिळत नाही." कधी या, कुठे या, हे तो बोलला नाही. यामिनी "नक्की, नक्की" म्हणाली आणि अर्धा कप चहा टाकून उठली.

लिफ्टपाशी देवांश मागून आला.

"मॅडम, दुसरा डोळा पण झाला. होळीनंतर. छान दिसतं आता."

"बरं झालं रे. चष्मा लागला?"

"वाचायला फक्त." तो घुटमळला. "मॅडम, मला वाटायचं, ते सगळे फोन कामाचेच होते."

"कामाचेच होते," ती म्हणाली. "सुरुवातीला."

लिफ्ट आली म्हणून बरं झालं.

घरी येऊन तिने चार पोरांच्या मुलाखती ठरवल्या, एका कंपनीला नावं पाठवली. दुपारची खिचडी पातेल्यात तशीच होती, ती गरम करायचंही तिच्या जिवावर आलं. मनात दुसरं काही नव्हतं, एकच समाधान होतं: पोराचं काम झालं. ती ते पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होती. दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला आणि तिने नाव बघितलं. देवांश.

"मॅडम, कन्फर्मेशनचा कागद मिळाला. आईला पण सांगितलं. थँक्यू."

"अरे वा! अभिनंदन, भिया."

मागे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. तो राऊला परत चालला असावा.

"मॅडम, जेवलात का?"

किती वर्षं ती हा प्रश्न लोकांना विचारत आली होती! आईनंतर तिला तो कुणी विचारला नव्हता. त्याला काही कळू नये म्हणून ती घाईने म्हणाली, "हो, जेवले."

म्हटलं आणि ती थांबली. फोन कानाला घट्ट लावून थांबली. आता हा थांबेल. आता परत विचारेल. समोरचा पटकन 'हो' म्हणाला की काय करायचं, हे तिनेच त्याला समोर बसवून शिकवलं होतं. विचार ना रे, ती मनात म्हणाली. एकदा विचार. मी खरं सांगते.

"ठीक है मॅडम, रखता हूँ मग," देवांश म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

यामिनी फोन हातात धरून बसून राहिली. पुन्हा लावणं तर आता शक्यच नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली, आत गेली आणि खिचडी गॅसवर ठेवली.