श्वासापुरती जागा

दूध उतू जाण्याआधी गॅस बंद झाला, नात शाळेच्या गाडीत चढली, आणि डबा विसरलेला मुलगा अर्ध्या जिन्यावरून परत येऊन तो घेऊन गेला. घरात रोजची शांतता उतरली. जुळारींनी चष्मा सदऱ्याला पुसला, स्वयंपाकघरात बायकोचा चहा तिच्या हाताशी ठेवला आणि ते मागच्या खोलीत सुनेशेजारी जाऊन बसले. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. छापखाना बंद पडला, तरी गल्लीतल्यांच्या तोंडी ते जुळारीच राहिले.

सून जाहिरातींना संगीत देत असे. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना तिने जुन्या रजया टांगल्या होत्या. स्क्रीनवर प्रत्येक सुराची एक लहानशी पट्टी असे आणि पट्टीखाली गाण्याचे एकेक अक्षर टंकायचे. ते अक्षर यंत्रातली बाई, म्हणजे संगणकाने घडवलेला आवाज, त्या सुरावर गाऊन दाखवी. जुळारींना हे काम पाहताक्षणी ओळखीचे वाटले होते. आयुष्यातले पहिले गाणे त्यांनी यंदा लिहिले, तेही एकाच आशेने, की ते बायकोने गावे. पूर्वी तिचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत ऐकू येई. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून मात्र तिने गुणगुणणेही सोडले होते.

सुनेने चाल बांधली तेव्हा बायकोने गाणे पुरते ऐकले आणि हात झटकले. आपला दम आता तेवढा पुरत नाही, असे ती म्हणाली; यंत्रातल्या बाईला धाप लागत नाही, तर तिच्याशीच संसार थाटा, असा टोमणाही मारला. जुळारी हसले खरे, पण ते बोलणे त्यांच्या जिव्हारी लागले. ध्रुवपदातले दोन शब्द काढले तर श्वासाला जागा होईल, असे सुनेने सुचवून पाहिले होते. ते बधले नाहीत. ओळ या काठापासून त्या काठापर्यंत भरलेली हवी, हे त्यांच्या बोटांत मुरले होते. एकही पट्टी रिकामी ठेवणे त्यांना ओळीला भोक पाडण्यासारखे वाटे.

आज ध्रुवपदातले ‘उन्हास’ बदलून त्यांना ‘उन्हाला’ करायचे होते. सुनेने माउस त्यांच्याच हाती दिला. ओळ नव्याने बसवताना ते रंगून गेले, आणि हाताच्या जुन्या वळणाने, परिच्छेदाची पहिली ओळ जशी थोडी आत सरकवून सुरू करावी, तशी त्यांनी ती चार पट्ट्या सोडून सुरू केली. शेवटच्या ‘बैस इथे’ला पट्ट्याच उरल्या नाहीत. हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

सुनेने गाणे लावले. ध्रुवपदाच्या सुरुवातीला, सुटलेल्या चार सुरांवर साथीची बासरी एकटीच वाजली, मग ओळ आली: ‘खिडकी उघड, उन्हाला म्हण, आत ये जरा’, आणि तिथेच थांबली. सुनेने हसू दाबले.

“बाबा, तुम्ही तर परिच्छेद पाडलात.”

जुळारी ओशाळले. दुरुस्तीसाठी त्यांनी हात पुढे केला, तोच कडवे संपून ध्रुवपद पुन्हा आले. बासरी वाजू लागली आणि स्वयंपाकघरातून एक लांब श्वास ऐकू आला. त्यामागून ओळ आली, थोडी घोगरी, पण सुरात. सुनेने यंत्रातल्या बाईचा आवाज हळूच खाली आणला. स्वयंपाकघरातली ओळ न अडखळता शेवटापर्यंत पोहोचली.

बायको हात पुसत दारात आली.

“आज त्या बाईला दम लागलेला दिसतोय. बरं झालं, माणसात आली.”

“अगं, चुकलंय ते,” जुळारी म्हणाले. “‘बैस इथे’ राहिलंय.”

“आत आलं की बसेल की ऊन. त्याला काय पाट मांडून द्यायचाय?”

सून खो-खो हसली. बायको स्क्रीनकडे बघत, बासरीचा तो तुकडा परत लाव म्हणून सांगू लागली. एवढे दिवस ती या खोलीत दोन मिनिटांहून जास्त टेकली नव्हती. आता स्टूल ओढून बसली.

गाण्यात जुळारींना सर्वांत आवडते तेच दोन शब्द होते. ते अजून ओळीबाहेर, स्क्रीनच्या कडेला तरंगत होते. चाल थोडी ताणून ते परत बसवता येतील, असे सुनेने हलक्या आवाजात सांगितले.

जुळारींनी नकारार्थी मान हलवली. ते दोन शब्द निवडून त्यांनी पुसून टाकले, गाणे जतन केले, आणि उठून माइक बायकोच्या उंचीला खाली घेऊ लागले.